कर्णा, अंतर आणि संभाषण: हॅरिएट मार्टिनो यांच्या श्रवणसाधनाचा प्रकरण अभ्यास

इ.स. १८३४ च्या ऑगस्ट महिन्यात हॅरिएट मार्टिनो या ३२ वर्षांच्या इंग्रज लेखिका लिव्हरपूलहून जहाजाने अमेरिकेला निघाल्या. अर्थशास्त्राची तत्त्वे सामान्य वाचकाला कथांमधून समजावून सांगणाऱ्या त्यांच्या मासिक पुस्तिकांमुळे त्यांचे नाव इंग्लंडमध्ये घरोघरी पोहोचले होते. नव्या प्रजासत्ताकातील समाज आपल्या घटनेने मान्य केलेल्या तत्त्वांप्रमाणे प्रत्यक्षात किती वागतो, हे त्यांना स्वतः जाऊन पडताळायचे होते. त्यासाठी त्या सुमारे दोन वर्षे अमेरिकेत फिरल्या आणि राष्ट्राध्यक्षांपासून तुरुंगातील कैद्यांपर्यंत असंख्य लोकांशी बोलल्या. लोकांशी बोलणे हीच त्यांची अभ्यासपद्धती होती आणि कानाला लावायच्या कर्ण्यावाचून समोरच्याचे बोलणे त्यांच्या कानी पडत नव्हते.

विजेवाचून चालणाऱ्या जुन्या श्रवणसाधनांचा विचार करताना हे प्रकरण मला सर्वांत उद्बोधक वाटते. कर्णा म्हणजे आवाज मोठा करणारी नळी, एवढ्यावरच त्याचे वर्णन बहुधा थांबते. मार्टिनो यांच्या बाबतीत मात्र या साधनाच्या घडणीने बोलणाऱ्याने कुठे बसायचे, किती जवळ यायचे, एका वेळी कोणी बोलायचे हे सारे ठरवले, आणि त्यामुळे त्यांच्या हाती कोणती माहिती लागली व कोणती निसटली हेही ठरले. साधनाची रचना आणि त्यातून घडलेले संभाषण यांचा असा सलग मागोवा फार थोड्या प्रकरणांत घेता येतो.

मार्टिनो यांचा जन्म १२ जून १८०२ रोजी नॉरिच येथे कापड उत्पादकाच्या घरी झाला. आठ भावंडांत त्या सहाव्या. वास आणि चव या संवेदना त्यांना जवळजवळ नव्हत्याच. बालपण सरता सरता त्यांचे ऐकणेही कमी होऊ लागले आणि विशीच्या उंबरठ्यावर बहिरेपण चारचौघांत लपवता येणार नाही इतके वाढले. १८२६ मध्ये वडील वारले आणि १८२९ मध्ये घरचा व्यवसाय बुडाला. मध्यमवर्गीय अविवाहित स्त्रीसाठी त्या काळी उपजीविकेचा नेहमीचा मार्ग म्हणजे कुणाच्या घरी राहून मुलांना शिकवणे, परंतु बहिरेपणामुळे तो त्यांच्यासाठी बंद होता. शिवणकाम आणि लेखन हे दोनच मार्ग उरले. त्यांतल्या लेखनाने त्यांना नाव आणि स्वतंत्र मिळकत दोन्ही दिले.

अमेरिकेला निघण्यापूर्वी, १८३४ मध्येच, त्यांनी आपल्यासारख्या बहिऱ्या लोकांना उद्देशून एक खुले पत्र प्रसिद्ध केले. आजही ते वाचताना त्यातील रोखठोकपणा जाणवतो. कर्णा वापरण्याची लाज सोडावी आणि तो लवकर हाती घ्यावा, कारण ऐकण्याचा ताण आपण घेतला नाही तर तो आपल्याशी बोलणाऱ्यांवर पडतो, असा त्यांचा आग्रह आहे. स्वतः कर्णा वापरायला उशीर केल्याची खंतही त्यांनी पुढे व्यक्त केली. त्यांचा दुसरा नियम अधिक कठोर होता: चारचौघांत बोलणे चालू असताना ‘काय म्हणालात?’ असे विचारायचे नाही. जे आपल्याला कळणे आवश्यक आहे ते कोणीतरी आपणहून सांगेल यावर विसंबायचे. हा नियम सगळ्यांनी पाळावा असे मला वाटत नाही. आज कोणत्याही बहिऱ्या व्यक्तीला असा सल्ला देणे अन्यायाचे ठरेल. पण या दोन नियमांतून त्यांनी जो निर्णय घेतला होता तो स्पष्ट दिसतो. घोळक्यातल्या संभाषणावर त्यांनी पाणी सोडले आणि समोरासमोरच्या संभाषणात सारे बळ एकवटले. कर्ण्याची रचना नेमकी याच निवडीला अनुकूल होती.

ती रचना आता जरा बारकाईने पाहू. कर्ण्याचे तोंड रुंद असते आणि तो निमुळता होत होत कानात बसणाऱ्या टोकापर्यंत येतो. तोंडाचा व्यास १० सेंटिमीटर आणि टोकाचा व्यास ६ मिलिमीटर धरला, तर दोन्ही क्षेत्रफळांचे गुणोत्तर सुमारे २७८ येते. तोंडाशी आलेली सर्व ध्वनिऊर्जा काहीही न गमावता टोकापर्यंत पोहोचली असती, तर सुमारे २४ डेसिबलची (डेसिबल हे आवाजाची पातळी मोजण्याचे एकक) वाढ मिळाली असती. प्रत्यक्षात एवढी वाढ सर्व स्वरांवर मिळत नाही, कारण ध्वनीची तरंगलांबी आणि कर्ण्याचे माप यांचा मेळ बसावा लागतो. ५०० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ५०० कंपने होणाऱ्या, ध्वनीची हवेतील तरंगलांबी सुमारे ६९ सेंटिमीटर असते. दहा सेंटिमीटरच्या तोंडाने तो ध्वनी गोळा करणे म्हणजे त्याच्या मानाने फारच लहान खिडकी उघडण्यासारखे आहे. चांगल्या कर्ण्यांकडून माणसाच्या बोलण्यातील मधल्या पट्ट्यात साधारण १० ते २० डेसिबल, क्वचित त्याहून थोडी अधिक, वाढ मिळते.

या वाढीचा मोठा भाग अनुनादातून, म्हणजे नळीतील हवा ठरावीक वारंवारतांवर घुमण्यातून, येतो. एक टोक कानाने बंद झालेली ३० सेंटिमीटरची सरळ नळी सुमारे २८५ हर्ट्झ आणि त्याच्या तिप्पट, पाचपट अशा विषम पटींच्या वारंवारतांवर जोराने घुमते. नळी शंकूच्या आकाराची केली की हे घुमण्याचे बिंदू वर सरकतात. म्हणून प्रत्येक कर्ण्याचा स्वतःचा एक आवाज असतो: काही स्वर फुगतात, काही दबतात, आणि माणसे डब्यात तोंड घालून बोलल्यासारखी ऐकू येतात. आकार हळूहळू रुंदावत नेला तर ध्वनी मध्येच परावर्तित होऊन मागे फिरण्याचे प्रमाण कमी होते. एकदम रुंदावला तर ते वाढते. कारागिरांनी हे गणिताने नव्हे, तर कानाने आणि हाताने शोधून काढले होते.

शब्द ओळखू येण्याचा प्रश्न यापुढचा आहे. ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारख्या व्यंजनांची ऊर्जा उंच वारंवारतांवर असते आणि ती मुळातच क्षीण असते. स्वर ऐकू येतात, त्यामुळे कोणी बोलते आहे हे कळते, पण ‘सात’ म्हटले की ‘हात’, हे कळत नाही. केवळ कर्णा मोठा केल्याने हा प्रश्न सुटत नाही. तो सुटतो बोलणाऱ्याला जवळ आणल्याने, आणि माझ्या मते या संपूर्ण प्रकरणाचे मर्म इथे आहे.

मोकळ्या जागेत बोलणाऱ्याच्या ओठांपासूनचे अंतर निम्मे केले की आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने वाढते. एक मीटर अंतरावर बसलेल्या माणसाने कर्ण्याच्या तोंडापासून सव्वासहा सेंटिमीटरवर ओठ आणले, तर अंतर चार वेळा निम्मे झाले आणि २४ डेसिबल मिळाले. ही वाढ कोणत्याही धातूने, कोणत्याही वळणाने दिलेली नाही. ती केवळ जवळिकीने दिलेली आहे. शिवाय ती सर्व वारंवारतांवर जवळपास सारखी मिळते, त्यामुळे ‘स’ आणि ‘श’ही तितकेच वर येतात. त्याहून मोलाची गोष्ट अशी की खोलीतील इतर गोंगाट या युक्तीने वाढत नाही. कर्ण्याचा अनुनाद बोलणे आणि गोंगाट दोन्ही वाढवतो. जवळ येणे फक्त बोलणे वाढवते. ज्याला गोंगाटात ऐकणे अवघड जाते त्याच्यासाठी हा भेद निर्णायक असतो.

एकोणिसाव्या शतकात प्रचारात असलेली संभाषणनळी याच तत्त्वाचे सर्वांत शुद्ध रूप होते. तारेच्या वेटोळ्यावर रेशमी किंवा लोकरी आवरण चढवून सुमारे एक मीटर लांबीची लवचीक नळी बनवत. तिच्या एका टोकाला कानात बसणारा शिंगाचा किंवा हस्तिदंताचा तुकडा आणि दुसऱ्या टोकाला लहानशी वाटी असे. ती वाटी बोलणाऱ्याने ओठांशी धरायची. नळी लांब असल्यामुळे तिचे अनुनाद जवळजवळ येतात आणि कापडी आवरण त्यांची धार बोथट करते, म्हणून आवाज पत्र्याच्या कर्ण्यापेक्षा अधिक सौम्य येतो. उलट बाजूने, अरुंद आणि लांब नळीत उंच वारंवारता काही प्रमाणात विरतात, आणि नळी कपड्याला घासली की ती खरखर थेट कानात जाते.

जुन्या श्रवणसाधनांविषयी लिहिणारे बहुधा लपवण्याच्या कलेत रमतात. टोपीत दडवलेले कर्णे, पंख्याच्या आकाराची साधने, केसांखाली बसणाऱ्या पट्ट्या, शोकाच्या पोशाखाशी जुळणारे काळे कर्णे यांच्या कारागिरीचे कौतुक करायलाच हवे. पण लपवायचे म्हणजे लहान करायचे आणि लहान करायचे म्हणजे मधल्या स्वरांवरील लाभ गमवायचा, हा सौदा त्या साधनांना करावा लागला. बोलणाऱ्याला आपण साधनाशी बोलतो आहोत हेच कळू द्यायचे नसल्यामुळे तो जवळही येत नसे. याच्या अगदी उलट टोकाचे उदाहरण लंडनच्या एफ. सी. राइन यांच्या श्रवणसाधने बनवणाऱ्या कारखान्याने १८१९ मध्ये पोर्तुगालचे राजे जुआंव सहावे यांच्यासाठी बनवलेल्या सिंहासनाचे आहे. गोवाही त्या काळी याच राजाच्या अमलाखाली होता. सिंहासनाचे हात पोकळ होते व त्यांची टोके सिंहाच्या उघड्या जबड्यांसारखी कोरलेली होती. येणाऱ्याने गुडघे टेकून त्या जबड्यांपाशी बोलायचे आणि नळीतून ते राजाच्या कानाशी पोहोचायचे. दरबारी रिवाजाने बोलणाऱ्याचे तोंड आपोआप योग्य अंतरावर येत असे. शिष्टाचार हा या रचनेचाच एक भाग होता.

मार्टिनो यांच्यापाशी सिंहासन नव्हते. अनोळखी माणसाने आपल्या कर्ण्यापाशी यावे, ही गोष्ट त्यांना रोज नव्याने, कुठलाही अधिकार नसताना, साधावी लागत होती. ते त्यांनी कर्णा उघडपणे पुढे करून साधले. १८३७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेवरील ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्या आपल्या बहिरेपणाविषयी स्वतःच लिहितात. आपला कर्णा अतिशय विश्वासू आहे, आणि त्यात लोकांना बोलते करण्याची काही शक्ती असावी, कारण सर्वसाधारण संभाषण ऐकू शकणाऱ्यांना मिळते त्याहून अधिक आपल्याला दोघांतल्या बोलण्यात मिळते, असा त्यांचा आशय आहे. मला हे विधान बहिरेपणाच्या समर्थनार्थ केलेला बचाव वाटत नाही; ते साधनाचे अचूक निरीक्षण आहे. कर्ण्यात बोलणारा माणूस पुढे झुकतो, आवाज खाली आणतो, आणि त्याचे बोलणे शेजारच्या खुर्चीवरच्यालाही पुरते ऐकू जात नाही. समोरची व्यक्ती पूर्ण लक्ष देऊन ऐकते आहे याचा पुरावा त्याच्या हातात असतो. मनातले सांगण्यासाठी याहून अनुकूल बैठक शोधणे कठीण आहे.

याचा प्रत्यय त्यांच्या प्रवासात वारंवार येतो. वॉशिंग्टनमध्ये हेन्री क्ले, डॅनियल वेबस्टर, जॉन कॅल्हून ही त्या काळची बडी राजकारणी मंडळी त्यांच्याशी बैठकीत बसून बोलली. १८३५ च्या फेब्रुवारीत त्या माजी राष्ट्राध्यक्ष जेम्स मॅडिसन यांच्या व्हर्जिनियातील घरी राहिल्या. वृद्ध मॅडिसन यांनाही एका कानाने ऐकू येत नव्हते, तरीही गुलामगिरीसारख्या अवघड विषयावर दोघांचे दीर्घ बोलणे झाले. फिलाडेल्फियाच्या तुरुंगात प्रत्येक कैद्याला एकांतात ठेवण्याची पद्धत होती. तिथे कोठडीत जाऊन एकेका कैद्याशी एकट्याने बोलण्याची परवानगी त्यांना मिळाली आणि कैद्यांनी त्यांना आपल्या कहाण्या सांगितल्या. शांत कोठडी, एकच बोलणारा आणि हातभर अंतर: कर्ण्यासाठी याहून चांगली ध्वनिशास्त्रीय परिस्थिती नव्हती. माहिती गोळा करण्याच्या ज्या पद्धतीला आज आपण सखोल मुलाखत म्हणतो, तिचे हे आरंभीचे आणि लक्षणीय रूप आहे. कर्ण्याच्या मर्यादेने त्यांना त्या पद्धतीकडे ढकलले आणि त्यांनी ती जाणीवपूर्वक आत्मसात केली, असे मी मानतो.

जिथे अनेक जण बोलतात तिथे मात्र कर्णा लंगडा पडे. बॉस्टनमधील स्त्रियांच्या गुलामगिरीविरोधी संघटनेच्या सभेचा प्रसंग या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. २१ ऑक्टोबर १८३५ रोजी या संघटनेच्या सभेवर जमाव चालून आला होता व गुलामगिरीविरोधी वृत्तपत्राचे संपादक विल्यम लॉइड गॅरिसन यांना रस्त्यावरून ओढत नेण्यात आले होते. पुढच्या महिन्यात सभा पुन्हा भरली तेव्हा मार्टिनो हजर होत्या. त्यांनी चार शब्द बोलावेत ही विनंती त्यांच्याकडे आली ती चिठ्ठीवर लिहून. त्या उठल्या आणि आपण संघटनेच्या तत्त्वांशी सहमत आहोत असे त्यांनी सांगितले. त्यानंतर वृत्तपत्रांतून त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला आणि अनेक घरांची दारे त्यांना बंद झाली. आयुष्यावर एवढा परिणाम करणारा हा क्षण कर्ण्यातून नव्हे, कागदावरून त्यांच्यापर्यंत पोहोचला, हे लक्षात ठेवायला हवे.

त्यांच्या ग्रंथावर टीका करणाऱ्यांनी बहिरेपणावर बोट ठेवले. ऐकू न येणारी बाई देशाचे खरे चित्र कसे काढणार, असा त्यांचा सूर होता. मार्टिनो यांनी ही उणीव आधीच मान्य केली होती: रस्त्यावर, घोडागाडीत, खाणावळीत सर्व थरांतील माणसांचे सहज कानावर पडणारे बोलणे आपल्याला मिळत नाही, हे त्यांनी प्रस्तावनेतच नोंदवले आहे. टीकाकारांनी न पाहिलेला आणि मला अधिक गंभीर वाटणारा दोष वेगळा आहे. कर्ण्यापाशी येऊन निवांत बोलण्यासाठी बोलणाऱ्याला वेळ लागतो, बसायला जागा लागते आणि निर्धास्तपणा लागतो. मालकाच्या दिवाणखान्यात उभ्या असलेल्या गुलाम स्त्रीला पाहुणीच्या कानाशी झुकून बोलण्याची मुभा कुठून असणार? म्हणून मालकांचे म्हणणे कर्ण्यातून विपुल आले, आणि ज्यांच्या बाजूने मार्टिनो उभ्या राहिल्या त्यांचे बोलणे त्यांना प्रामुख्याने डोळ्यांनी आणि इतरांच्या साक्षीने समजून घ्यावे लागले. गुलामगिरीचे त्यांचे वर्णन निरीक्षणाच्या बाबतीत इतके धारदार का आहे, याचे एक कारण यात सापडते.

साधन हाताळण्याचे त्यांचे कौशल्य वयाबरोबर किती वाढले याची साक्ष अमेरिकन कादंबरीकार नॅथॅनिएल हॉथॉर्न यांनी १८५४ मधील आपल्या इंग्लंडच्या नोंदवहीत लिहून ठेवली आहे. बोलता बोलता मार्टिनो कर्ण्याची वाटी एकेका श्रोत्याकडे फिरवत असत, त्यामुळे कर्णा त्यांच्या शरीराचाच एक संवेदनशील अवयव वाटे, असे त्यांनी नोंदवले. कुणाला काही बोलायचे असेल तर त्याने ते वाटीत टाकावे. काही बोलायचे नसेल तर वाटीचे ते किंचित वळणे माणसाला संकोचात पाडण्याइतके ठळक नसे. या नोंदीतून दिसते की जे साधन मुळात फक्त ऐकण्यासाठी होते, ते त्यांच्या हातात बोलण्याची पाळी वाटून देणारे साधन झाले होते. नको असलेले बोलणे सुरू झाले की त्या कर्णा खाली ठेवतात, असेही समकालीन सांगत. समकालीनांच्या या सांगण्यात थोडा राग होता, आणि मार्टिनो यांना हे सामर्थ्य मिळाले होते याची कबुलीही होती.

१८४६ पासून त्या उत्तर इंग्लंडमधील अँबलसाइड येथे स्वतः बांधलेल्या घरात राहिल्या. तिथे हिवाळ्यात स्थानिक कामगारांपुढे त्यांनी व्याख्याने दिली, आणि १८५२ पासून पुढे चौदा वर्षे लंडनच्या एका दैनिकासाठी सोळाशेहून अधिक अग्रलेख लिहिले. १८५७ च्या उठावानंतर हिंदुस्थानातील इंग्रजी राजवटीवरही त्यांनी पुस्तक लिहिले. व्याख्यान, अग्रलेख आणि पत्र या तिन्ही प्रकारांत ऐकण्याची गरज कमीत कमी असते; समोरासमोरच्या गप्पांसाठी कर्णा आणि उरलेल्या जगासाठी लेखणी, अशी त्यांनी कामाची विभागणी केली होती. २७ जून १८७६ रोजी त्यांचे निधन झाले.

विजेवर चालणारी पहिली श्रवणयंत्रे विसाव्या शतकाच्या तोंडावर आली, तरी राइन यांचा लंडनमधील व्यवसाय १९६३ पर्यंत चालू होता. आजच्या अंकीय (डिजिटल) श्रवणयंत्रांना हव्या त्या वारंवारता निवडून वाढवता येतात, जे कोणत्याही कर्ण्याला शक्य नव्हते. तरीसुद्धा वर्गात किंवा गजबजलेल्या हॉटेलात ऐकू येत नाही अशी तक्रार घेऊन आलेल्या माणसाला श्रवणतज्ज्ञ बहुधा एक वेगळा मायक्रोफोन सुचवतात, जो बोलणाऱ्याने गळ्यात घालायचा किंवा कॉलरला लावायचा असतो. ध्वनी तिथून बिनतारी मार्गाने श्रवणयंत्रात येतो. बोलणाऱ्याच्या ओठांपासून वीतभर अंतरावर आवाज पकडायचा म्हणजे खोलीचा गोंगाट मागे पडतो, हेच त्यामागचे तत्त्व आहे. तो मायक्रोफोन समोरच्याला देताना वाटणारा संकोच आणि ‘हा जरा लावता का?’ असे विचारण्याचे धैर्य यांची गरजही तशीच उरली आहे, म्हणून श्रवणयंत्र देणाऱ्यांनी यंत्राच्या मांडणीइतकाच वेळ रुग्णाला हे विचारायला शिकवण्यात घालवावा, असे मला या प्रकरणाच्या आधारे सुचवायचे आहे.